वॉर्सॉ ते लंडन : आन्जेय पानुफनिक

संगीतरचनाकार आणि वाद्यवृंद-संचालक आन्जेय पानुफनिक यांचे नाव निघाले की बोलणे बहुधा कम्युनिस्ट राजवटीतील पोलंडमधून त्यांनी १९५४ मध्ये केलेल्या पलायनावर येऊन थांबते. मला मात्र त्यानंतरची वर्षे अधिक मोलाची वाटतात, कारण परदेशात राहूनच त्यांनी पोलंडसाठी आपले सर्वांत समर्थ संगीत लिहिले.

१९१४ साली वॉर्सॉत जन्मलेल्या पानुफनिक यांचे वडील व्हायोलिन घडवत आणि आई ते वाजवत असे. जर्मन अमलाखालील वॉर्सॉत ते संगीतरचनाकार ल्युतोस्लाव्स्की यांच्या जोडीने कॅफेंमध्ये पियानो वाजवत. १९४४ च्या उठावात त्यांचा भाऊ मारला गेला, आणि तोवरच्या रचनांची हस्तलिखितेही नष्ट झाली. त्यांतली 'ट्रॅजिक ओव्हर्चर' त्यांनी पुढे आठवणीतून पुन्हा उतरवली.

युद्धानंतर मानसन्मान मिळाले, पण त्यांबरोबर कसे संगीत लिहावे याचे सरकारी दडपणही आले. झुरिकमध्ये संचालनासाठी गेले असताना त्यांनी तिथूनच लंडन गाठले, आणि मायदेशी त्यांच्या संगीतावर बंदी आली, ती १९७७ पर्यंत टिकली.

इंग्लंडमध्ये १९५७ साली बर्मिंगहॅमच्या सिंफनी वाद्यवृंदाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले, पण रचनेसाठी वेळ हवा म्हणून दोनच वर्षांत त्यांनी ते सोडले. हाताशी दुसरा भक्कम आधार नसलेल्या निर्वासिताने घेतलेला हा निर्णय मला पलायनाइतकाच धाडसाचा वाटतो.

१९६३ मधील 'सिन्फोनिया साक्रा' हे त्याचेच फळ. पोलंडच्या इतिहासाला हजार वर्षे पूर्ण होणार होती, त्या निमित्ताने लिहिलेली ही सिंफनी वाद्यवृंदाभोवती चार बाजूंना उभ्या राहिलेल्या चार ट्रम्पेटांनी सुरू होते. त्यांची ललकारी थांबते तेव्हा केवळ तंतुवाद्यांचा अतिशय संथ, जवळजवळ निश्चल भाग येतो. मग तालवाद्ये उसळतात, आणि शेवटी 'बोगुरोजित्सा' या मध्ययुगीन पोलिश स्तोत्रातून सगळा वाद्यवृंद हळूहळू वर चढत जातो. त्या चढणीत कुठेही घाई नाही, आणि म्हणूनच शिखर इतके खरे वाटते. या रचनेला मोनॅकोचे पारितोषिक मिळाले.

लोकशाही आल्याशिवाय परतणार नाही, हा शब्द त्यांनी पाळला. १९९० मध्ये 'वॉर्सॉ ऑटम' महोत्सवात त्यांनी मायदेशी पुन्हा संचालन केले, त्याला जेमतेम वर्ष झाले असताना ऑक्टोबर १९९१ मध्ये लंडनजवळच्या ट्विकनहॅम येथे त्यांचे निधन झाले. चेलोवादक रोस्त्रोपोविच यांच्यासाठी लिहिलेला चेलो कन्चेर्तो त्यांनी त्याआधी पूर्ण केला होता.