माल्टा: मऊ दगडाचं बेट

माल्टाला जायचं ठरलं की विमानाच्याही आधी हाल सफ्लिएनीचं तिकीट काढा. पावला गावातल्या साध्या घरांखाली, पाच-सहा हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेलं हे तीन मजली दफनस्थान आहे. १९०२ मध्ये पाण्याच्या टाक्या खणताना ते मजुरांना सापडलं. एका वेळी दहाच जणांना आत सोडतात, कारण माणसांच्या श्वासाचा ओलावाही भिंतींवरच्या गेरूच्या रंगाला सोसत नाही. मी आणि आईने अडीच महिने आधी तिकिटं काढली, म्हणून मिळाली. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. अंधारात, लाल वेलबुट्टीच्या छताखाली आई कितीतरी वेळ गप्प उभी होती.

बेटभर हाच मधाच्या रंगाचा चुनखडक. खाणीतून निघताना मऊ, करवतीने कापता येईल असा. हवा लागली की वरून कडक होतो. १५६५ मध्ये ऑटोमन फौजांचा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी नाइट्सनी, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या लढवय्या ख्रिस्ती संघाने, याच दगडात राजधानी व्हालेटा वसवायला घेतलं. तिथल्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये इटालियन चित्रकार कॅराव्हाजोचं १६०८ चं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. पायाखाली नाइट्सच्या रंगीत संगमरवरी समाध्या आहेत. टोकदार टाचांची पादत्राणं चालत नाहीत, सपाट चपला घाला.

भाषा ऐकत राहा. मुळात अरबी वळणाची, पण लिहितात रोमन लिपीत. जगाला ते ‘दिन्या’ म्हणतात, पुस्तकाला ‘क्तिएब’. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेली दुनिया आणि किताब इथे अशी भेटली, तेव्हा फार आनंद झाला.

गोझो या शेजारच्या बेटासाठी एक पूर्ण दिवस ठेवाच. चिर्केव्वा बंदराहून मोटारी नेणारी फेरी साधारण २५ मिनिटांत पोचवते. भाडं परतताना घेतात. जगंतियाची मंदिरं इ.स.पू. ३६००च्या आसपासची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही हजारभर वर्षं आधीची. जुन्या पोस्टकार्डांवरची समुद्रातली ती दगडी कमान, अझुर विंडो, आता नाही. मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. त्याऐवजी संध्याकाळी श्वेय्नीच्या मिठागरांवर जा. खडकातच चौकोनी वाफे खोदलेत, आजही तिथे मीठ पिकतं.

आता किरकोळ गोष्टी. शेंगेन व्हिसा लागतो, चलन युरो. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, पण प्लग ब्रिटिश, तीन चपट्या पिनांचा, अ‍ॅडॉप्टर न्या. जुलै-ऑगस्ट टाळा, मंदिरांच्या परिसरात सावली कमी. शाकाहारींना वाटाण्याचं किंवा रिकोटाचं सारण भरलेले, पदर सुटलेले गरम पास्तित्सी पुरतात, मात्र पारीत डुकराची चरबी आहे का ते आधी विचारा. आम्ही रोज सकाळी विचारून घ्यायचो आणि दोन-दोन वाटाण्याचे घेऊन बंदराच्या कठड्यावर बसायचो.