गाडी अ‍ॅव्हरेज का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"कंपनी 22 सांगते, आमची 15च्या वर सरकत नाही. काय बिघडलंय?" संभाजीनगर असो की उदगीर, गाडीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं. पण आधी मला सांगा, हे 15 आणलेत कुठून? डॅशबोर्डवरचा आकडा असेल तर तो बऱ्याच गाड्यांत थोडा चढवूनच दाखवलेला असतो. 'हजाराचं टाकलं, एवढी गेली' हा तर हिशेबच नव्हे, कारण टाकीत आधी किती होतं ते कुणी पाहिलंय?

टाकी पहिल्या ऑटो-कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा. चारेकशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. "साहेब, अजून बसतंय" म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा. 412 किलोमीटर झाले आणि 26.4 लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज 15.6. अशा सलग तीन टाक्या मोजा. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर मीटर अंतर कमी दाखवतं आणि अ‍ॅव्हरेज उगाच पडल्यासारखं वाटतं, तेही ध्यानात असू द्या.

आता ते 22. तो आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चढवून काढलेला असतो. एसी बंद, वेग 90च्या आत, समोरून वारा नाही. मे महिन्यात 42 डिग्रीत जालना रोडच्या सिग्नलला एसी लावून उभ्या असलेल्या गाडीशी त्याची तुलना करणंच चूक. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पितं, आणि तेवढ्या वेळात किलोमीटर शून्य. 22च्या गाडीने गावात 14-15 आणि मोकळ्या रस्त्याला 18-19 दिलं, तर माझ्या मते ती निरोगी आहे.

खरं पेट्रोल जातं ते ब्रेकमध्ये. वेग मिळवायला जाळलेलं पेट्रोल ब्रेक दाबला की चाकाची उष्णता होऊन उडून जातं. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक. तो दोनशे मीटरवरून दिसत असतो, तरी एक्सलेटर सुटत नाही. पाय लवकर उचला आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा आजच्या गाडीत उताराला किंवा वेग उतरत असताना गिअर असेल तर पेट्रोल जवळजवळ बंद होतं, न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला ते पुन्हा लागतं. कन्नडच्या घाटात न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं ही कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. त्यात आता पेट्रोल वाचत नाही, ब्रेक मात्र तापतात. इंजिन बंद करून उतरणाऱ्याला तर हात जोडावेत. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही हातचं जातं.

समृद्धीवर वेगळंच दुखणं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 90 ऐवजी 120 धरलात तर तो पावणेदोन पटीच्या वर जातो. वर रिकामं कॅरिअर असेल तर बघायलाच नको. 100 आणि 120 यांत शंभर किलोमीटरमागे वेळेचा फरक फक्त 10 मिनिटांचा. एसी लावावा की काचा उघडाव्यात, हा वाद मात्र फुकटचा आहे. तापलेल्या गाडीच्या काचा उघडून दोन मिनिटं चालवा, मग काचा बंद, एसी आतल्या हवेवर. मोठ्या रस्त्यावर काचा उघड्या ठेवून काही वाचत नाही.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. त्यामुळे 20 टक्के मिश्रणात आधीच्या 10 टक्क्यांपेक्षा 3-4 टक्के ऊर्जा कमी मिळते, म्हणजे 15 देणारी गाडी अर्ध्या किलोमीटरने खाली. ऊस आपलाच, तक्रार कुणाकडे करायची!

एवढं करूनही गाडी तिच्याच जुन्या आकड्यापेक्षा दोन-तीनने खाली असेल, तर मात्र बिघाड शोधा. हवा सकाळी, टायर गार असताना, दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नको. वीसेक किलोमीटर चालवून, ब्रेक फार न दाबता थांबा आणि चारही रिमजवळ हात नेऊन बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय. टायर आतल्या कडेने झिजलं असेल तर अलाइनमेंट करा. एअर फिल्टर धुळीने भरला की पिकअप जातो आणि आपण एक्सलेटर जास्त दाबतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. 'उन्हाळा आहे, जाड ऑइल टाकू' हेही ऐकू नका, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला.

आणि आपल्या भागातला खास उद्योग म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकणं. गाडी एकदा तापली की मेकॅनिक म्हणतो, "इकडच्या उन्हात हा लागतच नाही." व्हॉल्व नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनला हवं तेवढं तापमान येतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो. परभणीच्या डिसेंबरात तर हे फारच जाणवतं. तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल, किंवा काटा नसलेल्या गाडीत इंजिन गार असल्याचा निळा दिवा 10-15 मिनिटं चालवूनही विझत नसेल, तर स्कॅनर लावून कूलंटचं, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या त्या पाण्याचं, तापमान पाहायला सांगा. बऱ्याच गाड्यांत ते 85-95 डिग्रीला स्थिर राहायला हवं. 70च्या आसपासच रेंगाळत असेल तर नवा व्हॉल्व बसवा, कूलंट भरताना सिस्टिममधली हवा काढून घ्या, आणि पुन्हा तीन टाक्या मोजा.