उपकारस्तुती आणि सुशिक्षण

रविवार, रात्री

आज चर्चमध्ये कापणीचा सण झाला. वेदीपुढे कांदे, ज्वारीची कणसं, टोमॅटोचे क्रेट, द्राक्षांच्या पेट्या. निफाडकडचे एक काका दरवर्षी पहिल्या तोड्याची पेटी आणतात. यंदा गारपिटीत बाग झोपली, म्हणून बांधावरची मेथी घेऊन आले. लिलावात त्यातली एक जुडी पाचशेला गेली आणि घेणाऱ्याने ती लगेच पुन्हा लिलावाला लावली. पाळकसाहेबांनी काकांना साक्ष द्यायला उभं केलं. काका म्हणाले, "बागेचं नुकसान झालंय, कर्ज आहे, प्रार्थना करा. पण माझ्या पापांची क्षमा गारा पडायच्या आधीच झालेली आहे. तिचे आभार मानायला आलो." आणि खाली बसले.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण गेले काही महिने आमच्या घरात याच्या बरोबर उलट शिकवण घुसली होती.

आत्याला साखरेचा त्रास आहे. कुणीतरी तिला मोबाईलवर एका प्रचारकाच्या सभा लावून दिल्या. गाणी चांगली, बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात येशूचं नाव. हळूहळू मुद्दे येऊ लागले. तुमच्या घराण्यावर पूर्वजांचा शाप आहे. तो तोडायला खास उपवास करा. विश्वासाचं बी पेरा, शंभरपट मिळेल. खाली क्यूआर कोड. अभिषेकाच्या तेलाची बाटली मागवा. आणि शेवटी, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. आत्याने गोळ्या बंद केल्या. पायाला जखम झाली ती चिघळली, आणि डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ती मला म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला गं."

पैसे गेले त्याचं मला तेवढं नाही. पण आयुष्यभर पहाटे उठून प्रार्थना करणाऱ्या बाईला, आपला देव आपल्यावर नाराज आहे असं वाटायला लावलं, हे मला सहन होत नाही. बरं होण्यासाठी प्रार्थना मीही करते, मनापासून करते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे पुढाऱ्यांनी, येऊन तेल लावून प्रार्थना करावी असं स्पष्ट लिहिलं आहे. पण ते तेल घरी येतं, त्याला किंमत नसते, आणि आजारी माणूस बरा झाला नाही तर त्याच्यावर दोष ठेवून कोणी निघून जात नाही.

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. तुझा विश्वास कमी आहे असं नाही लिहिलं. त्रफिम नावाच्या सोबत्याला तो आजारी म्हणून मिलेत शहरात ठेवून आला. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा मिळाली. आणि पौलाचं कलस्सैकरांस पत्र, जे खोट्या शिक्षणाबद्दल इतकं सावध करतं, त्याच पत्राच्या शेवटी प्रिय वैद्य लूक सलाम सांगतो. आत्याला दवाखान्यात हे वाचून दाखवलं. वैद्य हा शब्द आल्यावर तिने माझ्या हातातून बायबल घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली.

कलस्सैचा दुसरा अध्याय मी हल्ली परत परत उघडते. कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातल्या एका खोऱ्यातलं गाव, लावदिकीया शहराच्या शेजारी. एपफ्रासाने तिथे सुवार्ता सांगितली. मग दुसरे आले आणि म्हणू लागले, ख्रिस्त ठीक आहे, पण त्याच्या जोडीला हे खाऊ नका, ते शिवू नका, हे सण पाळा, देवदूतांची भक्ती करा. ख्रिस्ताला त्यांनी नाकारलं नव्हतं. तो पुरत नाही एवढंच सांगत होते. आमच्या आत्यालाही कोणी ख्रिस्त सोड म्हटलं नाही. तिला फक्त पटवून दिलं की वधस्तंभावर जे झालं त्यानंतरही एक शाप उरलाय आणि त्याची किल्ली दुसऱ्या कोणाकडे आहे.

आणि पौल यावर काय सांगतो? ख्रिस्तात मुळावा, शिकवलं तसं विश्वासात दृढ व्हा, आणि उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार, भरपूर करा. लगेच पुढच्या वचनात: कोणी तुम्हांला पोकळ भुलथापांनी ताब्यात घेऊ नये म्हणून जपा. पूर्वी मला ही उपकारस्तुती मध्येच कशाला आली असं वाटायचं. आता वाटतं, ती तिथेच हवी होती. आपल्याला काय मिळालंय हे ज्याला रोज आठवतं, त्याला तेच पुन्हा विकता येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही तसंच आहे. लग्न करू नका, अमुक अन्न खाऊ नका म्हणणाऱ्यांना पौलाचं उत्तर: देवाने निर्माण केलेलं सगळं चांगलं आहे, उपकारस्तुती करून घ्या.

पण नुसतं "प्रभू, थँक यू" म्हणूनही भागत नाही. ते प्रचारकही सतत आभार मानायला लावतात: गाडीबद्दल, बंगल्याबद्दल, व्हिसाबद्दल. असे आभार एका गारपिटीत संपतात. काकांचे संपले नाहीत, कारण कशाबद्दल मानायचे हे त्यांना शिकवलेलं होतं. त्यासाठी सुशिक्षण, म्हणजे बायबलला धरून दिलेलं नीट शिक्षण, लागतं. इ.स. 325 मध्ये नायसियाला मंडळीचे पुढारी जमले ते याचसाठी. अरियस नावाचा एक पाळक म्हणत होता की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा काळ होता. ही पंडितांची भांडणं आहेत, आपल्याला काय, असं आमच्याकडे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. अरियस खरा असता तर देव स्वतः आलाच नाही, त्याने दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं, असं झालं असतं; मग वधस्तंभाकडे बघून आभार कोणाचे मानायचे? अरियसला विरोध करणाऱ्या बिशप अथनेशियसला या एका गोष्टीसाठी पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं.

आपल्या नाशिकलाही याची एक आठवण आहे. शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत 1854 मध्ये वसली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहिली, शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, त्याचं हृदय सोबत्यांनी तिथेच झाडाखाली पुरलं. जवळ कोणी पाळक नव्हता. अंत्यविधीची उपासना जेकबने वाचली. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधीच्या वेळी तो शवपेटीजवळ होता. ज्या मुलाचं घरदार हिसकावलं गेलं, त्याला शरणपुरात पुनरुत्थानाची आशा नीट शिकवली गेली होती, म्हणून त्या रानात ती वाचायला तो उभा राहू शकला. कन्फर्मेशन क्लासच्या मुलांना मतांगिकार, म्हणजे विश्वासाची कबुली, पाठ करायचा कंटाळा येतो, तेव्हा मी त्यांना जेकबबद्दल सांगते.

आज निघताना त्यांच्यातल्याच एका मुलीने विचारलं, "ताई, मोबाईलवर इतके जण बोलतात, खरं कोण ते कसं ओळखायचं?" मी म्हटलं, बायबलमधल्या बिरुया गावच्या लोकांनी पौलाचंही शास्त्रात तपासून पाहिलं होतं, तसं तपास. आणि ऐकून झाल्यावर बघ, ख्रिस्ताने केलेलं पूर्ण वाटतंय की अपुरं. अपुरं वाटलं तर मला दाखव, आपण मिळून वाचू. तिने तिथल्या तिथे एक व्हिडिओ पाठवला. दीड तासाचा आहे. उद्या बघते.

गुरुवारच्या बायबल क्लासला कलस्सैचा दुसरा अध्याय घ्यायचा ठरलंय. आत्या येते म्हणाली. तिची रात्रीची गोळी आठला जेवणाबरोबर असते, म्हणून क्लास साडेसहाला सुरू करायला पाळकसाहेबांना सांगितलं आहे.