मायक्रोपोअरबरोबर कातडीच निघाली

रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, कॅज्युअल्टीची नाइट. पहाटे तीनला साठीच्या एक मावशी आल्या, दोन दिवस उलट्या, बीपी ८०/५०. मला वाटलं गॅस्ट्रो असेल, सलाइन लावू, झालं. गावातल्या दवाखान्यात लावलेली सुई निसटली होती म्हणून तिची पट्टी काढायला घेतली तर मायक्रोपोअरच्या चिकटपट्टीबरोबर रुपयाएवढी कातडीच सोलून आली. मी जोरात ओढलंच नव्हतं हो! सिस्टर माझ्याकडे असं बघायला लागल्या की विचारू नका.

मग नीट बघितलं. हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जागोजागी काळेनिळे डाग, चेहरा गोल गरगरीत आणि हातपाय मात्र काड्या. पोटावर बोटाएवढ्या रुंद जांभळ्या पट्ट्या. बाळंतपणाच्या खुणा नंतर पांढुरक्या पडतात, या जांभळ्या, कारण कातडी इतकी पातळ की आतलं रक्त दिसतं.

"मावशी, गुडघ्याला काही औषध चालू होतं?"

"पुडी की. दीड वरीस. लई गुणाची. पण देणारा आठ दिस झाले आलाच नाही."

सिनियरला फोन केला, तो झोपेतच म्हणाला, कॉर्टिसॉलचं, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टिरॉइडचं, सॅम्पल काढ आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे त्याचंच इंजेक्शन, १०० मिलिग्रॅम दे. सकाळी राउंडपर्यंत बीपी ११० आणि मावशी चहा मागतायत.

रिपोर्ट नंतर आला, कॉर्टिसॉल १ च्याही खाली. म्हणजे पुडीत स्टिरॉइड होतं. अंगभर खुणा स्टिरॉइड जास्त झाल्याच्या आणि रक्तात स्वतःचं कॉर्टिसॉल जवळपास नाहीच! बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने हुकूम द्यायचं सोडलं, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी झोपल्या, आणि पुडी बंद झाल्यावर कोणीच जागं नव्हतं. इकडे कातडीत तिला बळकटी देणारं कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींनाही स्टिरॉइडने काम थांबवायला लावलेलं, जुनं झिजतंय, नवीन बनत नाही. रक्तवाहिन्यांना आधार देणारं जाळंही तसंच विरलेलं, म्हणून नुसतं धरलं तरी डाग. मी सोललेली ती जखम भरायला महिना गेला, रोज ड्रेसिंग मीच करायचे, टेप न लावता नुसती बँडेजची पट्टी गुंडाळून.

डिस्चार्जला गोळ्या समजावल्या, हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद नाही, काही महिने लागतील. मावशींनी गोळी उलटसुलट करून बघितली.

"म्याडम, ही आन् पुडी, एकच का?"

"हो, त्यातलीच."

"मंग त्यो कुठं खोटा होता," म्हणाल्या आणि पदराच्या गाठीत बांधली.