ट्रेनिंगसाठी ‘व्हीआर’ घ्यायला निघालो, त्याची गोष्ट

“अप्रेंटिस पोरांसाठी व्हीआर बसवून टाका,” साहेबांनी एवढंच सांगितलं. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, डोळ्यांसमोर पूर्ण आभासी जग उभं करणारं तंत्र. कंपनी पंप बनवते, ट्रेनिंग माझ्याकडे आहे. कोटेशनं मागवली तर एकाने टॅबलेटवरचं ॲप दाखवलं, दुसऱ्याने डोळे पूर्ण झाकणारा हेडसेट, तिसऱ्याने पारदर्शक काचेचा चष्मा. खरेदी विभागाला तुलनेचा एकच तक्ता हवा होता आणि तो काही केल्या भरेना. शेवटी सगळ्यांना डेमोसाठी शॉप फ्लोअरवरच बोलावलं. कॉन्फरन्स रूममध्ये काय, सगळंच छान चालतं.

टॅबलेटचं ॲप म्हणजे एआर, ऑगमेंटेड रिॲलिटी. कॅमेऱ्यात आपलीच फरशी दिसते आणि तिच्यावर पंपाचं थ्रीडी मॉडेल उभं राहतं. भोवती फिरून ते बघता येतं. कॅमेरा फरशीवरचे डाग, सांधे, कडा हेरून ठेवतो; आपण हललो की त्या खुणा किती सरकल्या यावरून आणि आतल्या सेन्सरवरून स्वतःची जागा काढतो. आमच्या तेलकट फरशीवर ते झकास चाललं. नवीन इपॉक्सी केलेल्या चकचकीत स्टोअरमध्ये मात्र पंप हळूहळू भिंतीकडे निघाला. खरी अडचण वेगळीच होती. टॅबलेट हातात असताना फिटरने पाना कशाने धरायचा? गंमत म्हणजे १९९० च्या सुमारास बोइंगमध्ये टॉम कॉडेल यांनी ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव रूढ केलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात डोक्यावर घालायचा डिस्प्लेच होता. विमानाचं वायरिंग जुळवणाऱ्या कामगाराला कुठली वायर कुठून न्यायची ते डोळ्यांसमोरच दिसावं, म्हणून.

व्हीआरच्या डेमोला आम्ही ४१५ व्होल्टचं पॅनेल दिलं. मेन बंद करायचा, कुलूप घालायचं, टॅग लावायचा, टेस्टरने सप्लाय नसल्याची खात्री करायची आणि मगच हात घालायचा. मी मुद्दाम टेस्टर न लावता हात घातला. डोळ्यांसमोर पांढरा लोळ आला आणि मी खरोखर दोन पावलं मागे सरले. पोरं हसली, पण पुढच्या प्रत्येकाने आधी टेस्टर उचलला. असा धडा खऱ्या पॅनेलवर कोण देणार?

एका ज्येष्ठ सुपरवायझरांना मात्र मळमळायला लागलं. “मॅडम, पॅनेल ठीक आहे, आधी हा झोपाळा थांबवा!” जॉयस्टिकने चालताना डोळे सांगतात की आपण पुढे जातोय आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की जागेवरच उभे आहोत. या भांडणात पोट ढवळतं. जॉयस्टिक बंद करून स्वतःच्या पायांनी फिरायला लावलं, तेव्हा त्यांनी पूर्ण सराव केला. अर्थात त्यासाठी मोकळी जागा लागते, ती आधी आखून घ्यावी लागते.

काचेचा चष्मा म्हणजे मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २. एमआरची, म्हणजे खऱ्या वस्तूंत आभासी चित्र मिसळणाऱ्या मिक्स्ड रिॲलिटीची, खुबी इथे दिसली. चष्मा आजूबाजूच्या वस्तूंचा आकार मोजतो, त्यामुळे चित्रातला बाण पंपाच्या खऱ्या केसिंगच्या (बाहेरच्या आवरणाच्या) मागे गेला की दिसेनासा होतो. हात मोकळे आणि खरा इम्पेलर, पंपातलं फिरतं चक्र, हातात! पण चित्र दिसण्याचा पट्टा अरुंद, कर्णात सुमारे ५२ अंश. मान खाली घातली की वरची सूचना गायब. शिवाय त्याचं उत्पादन थांबवल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. कोटेशनमध्ये अर्थातच तसं लिहिलं नव्हतं. मग क्वेस्ट ३ सारखा, कॅमेऱ्यातून बाहेरचं दाखवणारा हेडसेट मागवून पाहिला. शेडच्या मंद उजेडात चित्राला दाणे आले. बोल्ट ओळखता येत होता, मायक्रोमीटरवरचं रीडिंग काही वाचता येईना.

मिल्ग्राम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्ये या सगळ्या प्रकारांची एक सलग रेषा मांडली होती. एका टोकाला खरं जग, दुसऱ्या टोकाला पूर्ण आभासी. माझा तक्ता भरला तो त्या रेषेमुळे. ब्रँड, रिझोल्यूशन हे रकाने मी खोडले आणि दोनच ठेवले: हाताखाली खरी वस्तू लागते का, आणि चुकलं तर जिवावर बेततं का?

पॅनेलसाठी व्हीआर घेतलं. टॅबलेटचं ॲप सेल्सवाल्यांनी उचललं. ग्राहकाच्या पंपहाऊसमध्ये सेट मावतो का, हे त्यांना जागेवर दाखवता येतं. पंपाच्या जुळणीसाठी एमआर तूर्त नाही. तिथे खरा पंप आणि शेजारी जुना फिटर.

सगळ्यात जास्त घासाघीस झाली ती हेडसेटच्या किमतीवर नाही, तर पॅनेलचं मॉडेल बदललं की थ्रीडी दुरुस्तीचे पैसे कोण देणार यावर. पहिल्या वर्षाच्या दुरुस्त्या पुरवठादाराकडे, असं ऑर्डरमध्ये लिहून घेतलं आणि मगच सही केली.