उजनी उणे २० टक्के, तर धरणात पाणी किती?

सातवीच्या ऋण संख्यांच्या पाठाचं टाचण (तास कसे घ्यायचे याची नोंद) काढायला बसले तेव्हा वहीत सगळ्यात आधी एक वाक्य लिहिलं: ‘शून्य म्हणजे दरवेळी काहीच नाही असं नसतं, शून्य कुठं धरायचं ते माणसं ठरवतात, आणि ऋण संख्या त्या खुणेच्या खालचं सांगते.’ पृष्ठ क्रमांक, तासिका, शैक्षणिक साहित्य हे रकाने कोरेच ठेवले. घटक संपल्यावर मुलांना हे त्यांच्या त्यांच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, एवढं आधी पक्कं केलं.

ही रीत ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ साली सविस्तर मांडली. मुलाला शेवटी काय उमजायला हवं ते आधी ठरवा, मग ते उमजलं हे कशावरून ओळखाल ते ठरवा, आणि शिकवायचं कसं ते त्यानंतर बघा. आपल्याकडे २०१७ पासून अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं यावर, भर आला, त्यामागेही हाच विचार. पण निष्पत्ती टाचणात उतरवून घेणं वेगळं आणि तिच्यापासून मागे येत तास बांधणं वेगळं. यातली मधली पायरी सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळा जीव तिच्यातच आहे.

अवघड का, ते सांगते. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. हिशेबाला ही मुलं पक्की. उणे ७ अधिक उणे ५ विचारलं की उणे १२ हे उत्तर हात वर व्हायच्या आत येतं, कारण ऋण संख्या त्यांनी किराणा दुकानाच्या उधारीवरून शिकलेली असते. सात रुपये उधार, वर पाच उधार, झाले बारा. गणित बरोबर, गुण पूर्ण. पण त्याच मुलांना मी सहज विचारलं, ‘पेपरात उजनी उणे १२ टक्के असं येतं, म्हणजे काय?’ तर एक मुलगा म्हणाला, ‘पाणी संपलं, आणि पुण्याच्या धरणांची उधारी झाली.’ वर्गाला ते पटलंही. वरून पाणी सोडलं की उजनी भरते हे सोलापुरातलं प्रत्येक पोर जाणतं, त्यामुळे उत्तर बिनबुडाचं नव्हतं. फक्त उधारी धरणाला लागू पडत नाही. उणेतल्या उजनीत पाणी असतं. तेच आपण पितो.

म्हणून दुसऱ्या पायरीला चाचणीतली बेरीज-वजाबाकी ठेवली नाही. प्रश्न असा तयार केला: ‘बातमी आली आहे की उजनी उणे २० टक्क्यांवर गेली. शेजारच्या आजी म्हणतात, आता धरणात थेंबही नाही. आजींना काय सांगाल? आकड्यांनी पटवून द्या.’ सोबत दोनच आकडे दिले. उजनीचा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेलं तळाचं पाणी, ६३.६६ टीएमसी; त्यावरचा उपयुक्त साठा, म्हणजे नेहमीच्या वापराचं पाणी, ५३.५७ टीएमसी. पेपरात येणारे टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे असतात आणि शून्य धरलेलं असतं ते मृतसाठ्याच्या रेषेवर. म्हणजे शून्य टक्के उजनीत ६३.६६ टीएमसी पाणी असतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, जवळपास २,८०० कोटी लिटर.

प्रश्न ठरल्यावर तास आपोआप आकाराला आले. आणि काही गोष्टी गळल्या. ऋण-धन सोंगट्यांची सापशिडी आमच्याकडे दरवर्षी होते, पोरं जीव तोडून खेळतात. ती मी काढली. सहकारी बाईंना ते रुचलं नाही, ‘आवडीनं करतात त्यावर कशाला गदा?’ म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या खेळातून शून्य कुणी, कुठं आणि का ठरवलं याकडे जायला वाटच नाही. ज्या खेळाने मूल ठरवलेल्या जागी पोचत नाही त्याला तासिका देणं मला पटत नाही, मग तो कितीही रंगो.

त्याऐवजी एक पारदर्शक बरणी आणली, इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी चिकटपट्टी आणली आणि मुलांनाच म्हटलं, शून्याची रेषा लावा. पहिल्या गटाने पट्टी तळालगत चिकटवली. दुसऱ्याने चार बोटं वर. मग एकाने भागाकार केला: एकूण ११७.२३, त्यातले ६३.६६ रेषेखाली. पट्टी सरकत सरकत बरणीच्या निम्म्याच्याही वर गेली तेव्हा वर्गात एकच गलका झाला. अर्ध्याहून जास्त धरण शून्याच्या खाली! पट्टीच्या खाली स्केचपेनने उणे १०, उणे २०, उणे ३० अशा खुणा त्यांनीच केल्या. खाली जाताना आकडा मोठा दिसतो आणि पाणी कमी होतं, ही दरवर्षी डोक्याला ताप देणारी गोष्ट त्या दिवशी वेगळी सांगावी लागली नाही.

प्रश्न सोडवायचा दिवस शुक्रवारचा. बहुतेकांनी ५३.५७ चे २० टक्के १०.७१ काढले, ६३.६६ मधून वजा केले आणि आजींसाठी लिहिलं: ५२.९५ टीएमसी पाणी आहे. एकाने पुढे जोडलं होतं, ‘पण नळाला येण्यासाठी दुबार पंपिंग करावं लागेल, म्हणून जपून वापरा.’ पाणी खाली गेलं की उपसा करायला जादा पंप लावतात हे त्याला घरच्या बोलण्यातून ठाऊक होतं.

कागद गोळा करत होते तेवढ्यात एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, उणे शंभर झालं तर?’ वर्गात फारशी न बोलणारी मुलगी. मागून आवाज आला, ‘मग संपलं बे!’ अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. शंभर म्हटलं की सगळं, असंच वाटतं. ती फळ्याशी आली, ६३.६६ मधून ५३.५७ वजा केले आणि मागे वळून म्हणाली, ‘दहा हाय की अजून.’

१०.०९ टीएमसी. मी हा आकडा टाचणात धरलाच नव्हता. वर्ग दोन मिनिटं नुसता वाद घालत होता आणि मी मध्ये पडले नाही. ‘मग शेवट कुठं?’ हे कुणीतरी विचारणारच होतं. ६३.६६ भागिले ५३.५७ करून त्यांनी तो शोधला: उणे ११८ च्या पुढे, उणे ११९ च्या अलीकडे. करमाळ्याकडे आजोळ असलेला एक मुलगा म्हणाला की तळाला गाळ बसलाय, त्यामुळे इतकं पाणी खरं निघणार नाही. हिशेब आणि धरण यांतलं अंतर सातवीतल्या मुलाला दिसलं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती, ते सांगितल्यावर त्यांनी लगेच बरणीवर ती खूण शोधली.

घरी कागद तपासताना एक कागद बाजूला काढला. ५२.९५ हे उत्तर नेमकं, पायऱ्या स्वच्छ, आणि खाली वाक्य: ‘आजी, तुमचं बरोबर आहे, पाणी नाही.’ घटक चाचणीत हा मुलगा पैकीच्या पैकी घेऊन पुढे गेला असता. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला बरणीजवळ बसवलं आणि ५२.९५ च्या अंदाजाने पाणी ओतायला सांगितलं. त्याने ओतलं, पट्टीच्या खाली पाणी थांबलं. बराच वेळ बघून म्हणाला, ‘मग पेपरवाले उणे का म्हणतात?’ त्याला रेषा कुणी आखली इथपासून परत सांगितलं. या वेळी प्रश्न त्याचा होता.

आता सरळव्याजाच्या आधी शेकडेवारीची उजळणी घ्यायची आहे. त्याचं पहिलं वाक्य वहीत आलंय: ‘टक्के ऐकले की आधी विचारावं, कशाचे?’ पुराव्याचा प्रश्नही ठरलाय. चांगल्या पावसाळ्यात उजनी १११ टक्के भरते. शंभरच्या वर भरूनही पाणी धरणातच कसं राहतं? तास कसा घ्यायचा ते अजून लिहिलेलं नाही, पण बरणी कपाटात तशीच ठेवली आहे, पट्टीसकट.