इंग्लंडातली दहावी आणि आपला १७ सप्टेंबर

लेकीनं इतिहास घेतलाय म्हटलं की नांदेडहून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "त्यात पुढं स्कोप काय?" त्याचं उत्तर मी फोनवर नीट देऊ शकत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

इकडं इंग्लंडात सोळाव्या वर्षी जीसीएसई नावाची परीक्षा असते, आपल्या दहावीच्या बोर्डासारखी. इतिहास मात्र सक्तीचा नाही. दोन-तीन वर्षं आधी विषय निवडायचे असतात, तेव्हा हवा तर घ्यायचा. लेकीच्या शाळेत एक्यूए नावाचं परीक्षा मंडळ आहे. दोन-दोन तासांचे दोन पेपर. पहिल्यात १८९० ते १९४५ चा जर्मनी आणि दोन महायुद्धांमधला ताणतणाव. दुसऱ्यात एलिझाबेथ राणीचा काळ आणि ब्रिटनमधली स्थलांतरं व साम्राज्य. या शेवटच्या भागात आपण येतो: क्लाइव्ह, वॉरन हेस्टिंग्ज, १८५७, गांधीजी.

जर्मनीच्या पेपरात सुरुवातीलाच दोन उतारे छापलेले असतात. समजा विषय आहे, लोक हिटलरच्या मागं का गेले. एक उतारा नाझी पक्षात गेलेल्या माणसाचा, दुसरा त्या पक्षाला विरोध करणाऱ्याचा. खाली प्रश्न: दोघांच्या सांगण्यात फरक काय? चार गुण. हा फरक का पडला असेल? चार गुण. तुला कोणाचं म्हणणं जास्त पटतं? आठ गुण. दुसऱ्या प्रश्नासाठी उताऱ्यावरच्या बारीक अक्षरातल्या दोन ओळी वाचाव्या लागतात: लिहिणारा कोण, कधी लिहिलं, तेव्हा तो कुठं होता. लेक त्या ओळींखाली आधी हिरव्या पेनानं रेघ ओढते, मगच उतारा वाचायला घेते. तिसऱ्या प्रश्नाला नुसतं मत चालत नाही. १९२३ ची चलनवाढ, मंदीतले साठ लाख बेकार, जुलै १९३२ च्या निवडणुकीतली नाझींची ३७ टक्के मतं, हे सगळं तोंडपाठ असावं लागतं. तेव्हा "तिकडं पाठांतर नसतं" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाठांतर आहेच, पण ते कशासाठी करायचं हे पोराला ठाऊक असतं.

आपलं पुस्तक कमी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. बालभारतीचं दहावीचं पुस्तक मी भाचीकडून मागवून वाचलं. पहिलाच धडा इतिहासलेखनाचा: देकार्त, व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको असे युरोपातले विचारवंत. कागदपत्रांची चिकित्सा कशी करायची, हे आपल्या जिंतूर-किनवटच्या पोरांच्या हातात आहे! आणि स्वाध्यायात काय, तर आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, चार पर्यायांतून एक निवडा. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इतिहास-राज्यशास्त्राचा चाळीस गुणांचा पेपर, त्यात रिकाम्या जागा, टीपा, संकल्पनाचित्र. संशय घ्यायला शिकवणारा धडा गाइडातून पाठ होतो.

आणि या पद्धतीनं शिकायला मराठवाड्याएवढं साहित्य कुणाकडं आहे? देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण तेरा महिने हैदराबादच्या निजामाच्या राज्यातच होतो. नोव्हेंबरात भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, लातूरला वकिली केलेला कासिम रझवी रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा पुढारी, सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प, जानेवारी १९४८ मध्ये लढ्याच्या खर्चासाठी उमरीची बँक लुटलेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. इथवर आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी झेंडावंदनाच्या भाषणात ऐकतो. त्यानंतर नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली होती. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. त्यात बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

मी लेकीला घरीच तसाच प्रश्न काढून दिला. एक उतारा रझाकारांचे अत्याचार भोगलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचा, दुसरा समितीचा. तिनं उत्तर लिहायला घेतलं आणि थांबली. म्हणाली, तिसरं कुणीतरी पाहिजे. मग उमरीकडच्या पणजीला, माझ्या आईच्या आईला, व्हिडिओ कॉल लावला.

आजी नव्वदीची आहे. म्हणाली, "रझाकाराच्या वक्ताला आमी रातच्याला शेतात निजायचो. दागिने चुलीमागं पुरले व्हते." लेकीनं विचारलं, मिलिटरी आल्यावर काय झालं? "समदे नाचले. मंग आठ-धा दिसानं गल्लीतलं मोमिनाचं घर रिकामं दिसलं. कुठं गेले, कुणी इचारलं न्हाई."

फोन धरून बसलेली माझी आई हे पहिल्यांदाच ऐकत होती. ऐंशी वर्षं व्हायला आलेली घटना, आणि घरातच दोन्ही बाजू.

लेकीनं उत्तरात लिहिलं की दोन्ही उतारे पटतात, कारण ते एकमेकांना खोडत नाहीत. पहिला १७ सप्टेंबरला थांबतो, दुसरा तिथून पुढं सुरू होतो. मी परीक्षक असते तर आठपैकी सात दिले असते. एक गुण कापला असता, कारण रझाकारांच्या काळात गावोगाव काय झालं हे तिनं एका ओळीत उरकलं होतं.

स्कोपचं उत्तर म्हणाल तर वकिली, पत्रकारिता, प्रशासन, सगळीकडं हेच लागतं: समोरचा काय म्हणतोय आणि का म्हणतोय.

गावाकडच्या शिक्षकांना एक विनंती आहे. यंदा १७ सप्टेंबरच्या भाषणासाठी पोरांना छापील निबंध देऊ नका. तो काळ पाहिलेली माणसं आता मोजकीच उरलीत, त्यांच्याकडं पाठवा. सगळ्या गल्ल्यांमधून पाठवा, मोमिनपुऱ्यातही आणि बौद्धवाड्यातही. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू द्या. आणि सुरुवातीलाच माणसाचं नाव, गाव, तेव्हाचं वय आणि आजची तारीख बोलून घ्यायला सांगा; चार गुणांचा तो दुसरा प्रश्न त्यावरच सुटतो.